सूचक हसले म्हणे!

अहो, ऐकलंत का? दोन पुढारी लग्नात शेजारी शेजारी बसले आणि चक्क हसले! झालं. दुपारी वाहिन्यांवर 'सूचक हास्य', संध्याकाळी 'राजकीय वर्तुळात भुवया उंचावल्या', आणि रात्री आमच्या सोसायटीच्या बाकावर नवं मंत्रिमंडळ तयार. खात्यांसकट!

काय ही थेरं! कुणी साधं बोलतच नाही, आणि बोललं तर आपण ऐकत नाही. 'सदिच्छा भेट' म्हणजे जागावाटप, 'मतदारसंघातल्या कामांसाठी भेटलो' म्हणजे पक्षांतर, आणि आमदाराचा फोन 'नॉट रिचेबल' म्हणजे थेट सुरतमार्गे गुवाहाटी. माणसानं आजारी पडायचीही सोय नाही. नोव्हेंबर 2024च्या अखेरीस मुख्यमंत्रिपदाचा घोळ चालू असताना एकनाथ शिंदे साताऱ्यातल्या दरे गावी गेले. ताप आलाय म्हणे. पण अख्ख्या राज्यानं तो ताप नाराजीच्या पट्टीवरच मोजला.

आणि शरद पवारांची भाकरी? शिव शिव! एप्रिल 2023 मध्ये साहेब म्हणाले, भाकरी फिरवायची वेळ आलीय, नाहीतर करपते. मग काय, कुणाची भाकरी, कुठल्या तव्यावरची, याच्या याद्या निघाल्या. जो तो दुसऱ्याकडे बघून गालात हसतोय. जेमतेम आठवडा गेला, आणि 2 मेला यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाला साहेबांनी स्वतःच पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं! सभागृहात रडारड. हे नाव कुठल्या यादीत असायला? बरं, 5 मेला राजीनामाही मागे. म्हणजे भाकरी होती त्याच बाजूवर.

खरं सांगू? मला तर वाटतं, पुढारी फार काही लपवतच नाहीत. अर्धं वाक्य टाकतात आणि उरलेलं आपल्याकडून फुकटात पूर्ण करून घेतात. जमलं तर 'मी तेव्हाच सुचवलं होतं', फसलं तर 'विपर्यास केला'. दोन्हीकडून बिनखर्चाची सोय! 2021च्या सप्टेंबरात औरंगाबादला उद्धव ठाकऱ्यांनी व्यासपीठावरच्या भाजपवाल्यांना 'भावी सहकारी' म्हटलं, तेव्हा युती पुन्हा जुळवून देणारे किती गुरुजी निघाले होते, आठवतंय? पुढच्या जूनमध्ये झालं ते भलतंच. त्यांचीच शिवसेना फुटली आणि आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला!

आणि गंमत बघा. त्या जूनमधलं सगळ्यात गाजलेलं वाक्य कुठलं? त्या आमदारांपैकीच एक, सांगोल्याच्या शहाजीबापूंचं. झाडी, डोंगार, हाटील! सरकार कोसळतंय आणि बापू फोनवर खिडकीबाहेर दिसेल ते सांगताहेत. ना संकेत, ना इशारा. अख्खा महाराष्ट्र खूश!

आता ताजं ऐका. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत अंबादास दानवेंना निरोप देताना मुख्यमंत्री फडणवीस उद्धवजींना म्हणाले, 2029पर्यंत आम्हाला तिकडे, विरोधी बाकांवर, यायला स्कोप नाही, तुम्ही इकडे येऊ शकता. सभागृह हसलं, आमचा बाक मात्र हसला नाही. दुसऱ्याच दिवशी दोघे सभापतींच्या दालनात भेटले, मग तर विचारूच नका! पुढे जानेवारी 2026 मध्ये मुंबई महापालिकेला दोघांचे पक्ष एकमेकांसमोरच उभे राहिले. मी बाकावरच्या काकांना विचारलं, काय हो, त्या स्कोपचं काय झालं?

काकांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "अहो, 2029 कुठे आलंय अजून?"