ठिपके, रेघा आणि कोपर

अंकगणिताच्या चार मूलभूत क्रिया चित्रांच्या आधारे शिकवण्याच्या ज्या रीतींना ‘दृश्य पद्धती’ म्हटले जाते, त्या मुलांना सोप्या जाव्यात म्हणून निर्माण झाल्या असल्या तरी त्यांचा खरा ताण मुलांना शिकवू पाहणाऱ्या प्रौढांवर पडतो, याची नोंद शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. पाढे घोकून वाढलेल्या पालकाला ‘हातचा एक’ घेताना हातात नेमके काय येते, हे कधी कोणी विचारलेले नसते. दहा सुट्या काड्यांची जुडी बांधून ती दशकाच्या घरात सरकवणे म्हणजेच हातचा, हे त्याला पाल्याच्या वहीतून प्रथमच कळते आणि ते पाल्याच्या देखतच कळल्यामुळे, आपल्याला हे आधीपासून ठाऊक होते असा चेहरा करण्याचे जादा काम त्याच्या अंगावर येते. संख्यारेषेवर, म्हणजे सारख्या अंतरावर अंक मांडलेल्या रेघेवर, वजाबाकीच्या उड्या मारताना निघण्याचा अंक मोजायचा की सोडायचा, या प्रश्नावर तर घरोघरी दोन पक्ष पडतात. भागाकाराविषयी दृश्य पद्धतींचे प्रचारक फारसे बोलत नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर तोही बोलला नसता.

अशा प्रौढांच्या अभ्यासासाठी तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमइतके सोयीचे गाव दुसरे नसावे, कारण तेथे पहाटे सडा घालून दारापुढे जो पुळ्ळी कोलम काढतात, तो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच होय. फरक इतकाच की महाराष्ट्रात त्यासाठी भोके पाडलेला कागद बाजारात मिळतो, आणि कोलम काढणारी गृहिणी तोच हिशेब चिमटीत वागवते. ठिपके एकाखाली एक मांडले तर ते ‘नेर् पुळ्ळी’ आणि वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली मांडले तर ‘इडै पुळ्ळी’. पहिल्या रीतीने सातापासून दोन्ही बाजूंना एकापर्यंत उतरत गेल्यास ओळींत १, ३, ५, ७, ५, ३, १ असे ठिपके येतात, ज्यांतील पहिल्या चार ओळींची बेरीज १६, म्हणजे चाराचा वर्ग, आणि उरलेल्या तिन्हींची ९, म्हणजे तिनाचा वर्ग होते. विषम संख्या ओळीने मिळवल्या की वर्गच का येतो, हे एका ठिपक्याला दोन बाजूंनी तीन ठिपक्यांची काटकोनी झालर, तिला पुढे पाचांची, असे लावत गेल्यास पाढ्यांशिवायही दिसते. दुसऱ्या रीतीने पाचापासून उतरल्यास १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १ अशी मांडणी होते, जी कोपऱ्यावर उभा केलेला पाच बाय पाचचा चौरसच असून तिच्यातही ठिपके २५ भरतात. सारांश, शेजारच्या दोन दारांपुढे तिनाचा वर्ग अधिक चाराचा वर्ग बरोबर पाचाचा वर्ग, हे समीकरण तांदळाच्या पिठात मांडलेले असू शकते. पुढची वजाबाकी मुंग्या करतात.

याच गावात सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील घरात वाढलेले आणि टाउन हायस्कूलमध्ये शिकलेले श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) मात्र दृश्य पद्धतींच्या प्रचारकांच्या फारसे कामी येत नाहीत, कारण कागद परवडत नसल्याने ते आकडेमोड पाटीवर करीत, ती कोपराने पुसत आणि वहीत बहुतेक वेळा नुसता निष्कर्ष उतरवीत. ‘रीत दाखवलेली नाही’ या शेऱ्यासह त्यांचे निम्मे गुण आजही कापले गेले असते.

चित्राला मर्यादा असते, हे काड्यांच्या गुणाकारात चांगले कळते. २३ गुणिले १४ करण्यासाठी आडव्या दोन आणि तीन, उभ्या एक आणि चार रेघा ओढून त्यांचे छेदबिंदू मोजावे लागतात. ते २५ च असल्यामुळे प्रात्यक्षिक पाहणारे थक्क होतात आणि दाखवणारा ९८ गुणिले ९७ कोणी विचारू नये म्हणून घाईने आवरते घेतो, कारण तेथे २७२ बिंदू मोजायचे असतात. त्यापेक्षा आयताचे चार तुकडे करून २००, ८०, ३० आणि १२ मिळवणारी क्षेत्रफळाची रीत कितीतरी प्रामाणिक, कारण तिच्यात प्रत्येक आकड्याचा मोठेपणा डोळ्यांना दिसतो. चौकटीत तिरप्या रेघा मारून गुणाकार करण्याची, कपाटसंधी म्हणून ओळखली जाणारी रीत कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकातच ‘लीलावती’ या गणितग्रंथावरील टीकेत दिली होती, ती आज परदेशी नावाने परत आली की पालक तिचे शुल्क भरतात.

तमिळनाडूत चेन्नईच्या महापालिका शाळांतून सुरू होऊन २००७ च्या सुमारास राज्यभर पसरलेल्या कृतिआधारित अध्ययनाने वर्गातील फळेच खाली आणले: जमिनीवर बसलेल्या मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर भिंतीचा पट्टा काळा रंगवून प्रत्येकाला आपापली जागा दिली आणि शिक्षकालाही चटईवर बसवले. पुढे २०२२ मध्ये आलेल्या ‘एण्णुम् एळुत्तुम्’, म्हणजे अंक आणि अक्षर, या पहिली ते तिसरीच्या योजनेतही खेळ आणि साहित्य यांवरच भर राहिला. मुलांना या व्यवस्थेत बेरीज लवकर दिसते. पन्नाशीतील शिक्षकाला मात्र शिकवून झाल्यावर उठताना कोणाचा तरी हातचा घ्यावा लागतो.