नऊ महिन्यांचा एम.डी.

नावाच्या मागे एम.डी. असेल तर तो डॉक्टर. मुंबईतल्या गोवंडीच्या लसीकरण यादीत तेच नावाच्या पुढे दिसलं, तर ते नऊ महिन्यांचं बाळ. मोहम्मदचं लघुरूप. पुढच्या खेपेला हेच बाळ एम-ओ-एच-डी होऊन येतं. गावाहून परतलं की अख्खा मोहम्मद, त्यातही कधी ओ, कधी यू. मोबाइल नंबर आधी बापाचा, मग मामाचा, मग रिचार्ज संपलेला. संगणकाच्या लेखी ही तीन बाळं. एकाला पहिला डोस मिळालाय, दुसऱ्याला दुसरा, तिसरा कोराच.

तिघं एकच आहेत हे सिस्टर ओळखते. "पिछली सुई किधर लगवायी थी?" आई प्लास्टिकच्या पिशवीतून घड्यांवर फाटलेलं कार्ड काढते. सिस्टर तारीख बघते, गल्ली विचारते, मोठ्या बहिणीचं नाव विचारते आणि पडद्यावरचं नेमकं खातं उघडते. या कामाला परदेशात 'नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स' असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडे त्याला 'सिस्टर, लाइन वाढतेय' म्हणतात.

आपल्याकडचं प्रशिक्षण म्हणजे एक तास, एक समोसा आणि "मॅडम, एकदम इझी आहे" म्हणणारा कंपनीचा पोरगा. सेव्ह कुठे दाबायचं, हे तो शिकवतो. एकाच बाळाची दोन खाती झाली तर काय, नेट गेल्यावर वहीत लिहिलेलं नंतर कोण चढवणार, चुकीचं वजन पडलं तर दुरुस्ती कशी, हे विचारलं की तो नंबर देऊन जातो. नंबर लागत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात इन्फॉर्मॅटिक्स हा विषय घातला, हे चांगलंच झालं. पण आज वॉर्ड चालवणाऱ्या कित्येक जणी जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेत होत्या तेव्हा संगणक मेट्रनच्या केबिनमध्ये कापडी कव्हर घालून बसलेला असायचा. त्यांना म्हणे जमत नाही! रात्री तीनला इन्फ्युजन पंप नुसत्या आवाजावरून ओळखणारी बाई माउसला घाबरेल, हे ज्याला पटतं त्याने एक नाइट करून दाखवावी.

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवर याच गोवंडीत भडकला. मुलं दगावली. आरोग्यसेविका घरोघरी फिरल्या. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नऊ महिने उलटून एकही डोस न मिळालेली मुलं कोणत्या गल्लीत किती, हा प्रश्न दोन-तीन रकान्यांचा आहे. फिल्टर लावायचा, यादी छापायची आणि तिथल्या रफीनगरात शिरायचं. सिस्टरला यायला हवं ते कौशल्य हेच. आपण मात्र तिला फक्त भरायला बसवतो, आधी वहीत, मग तेच पडद्यावर. माहिती वर जाते, खाली येतं ते टार्गेट.

टीबीतही सगळं एका नोंदीवर अडतं. रुग्ण गावी गेला की सरकारच्या 'निक्षय' पोर्टलवर त्याची बदली तिथल्या केंद्राकडे करायची. ते राहिलं तर इथे तो औषध सोडलेला ठरतो आणि तिथे त्याची कुणी वाटही बघत नाही.

आकड्यांशी सिस्टरचं नातं जुनं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली आकडे रंगीत आकृतीत मांडून सरकारला दाखवलं होतं, की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले. आज तिला उत्तर मिळालं असतं, "सिस्टर, रिपोर्ट बघायची परवानगी तुमच्या लॉगिनला नाही." लॉगिन तरी कुठे एकटीचं? पासवर्ड मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला, तिन्ही पाळ्यांना एकच. रात्रीचं इंजेक्शन नेमकं कुणी दिलं, हे मशीनला विचारा. ते दिवसपाळीच्या बाईचं नाव सांगेल.

तेव्हा साहेब, प्रत्येकीला स्वतःचं लॉगिन द्या आणि तिने भरलेली यादी तिला बघू द्या. प्रशिक्षण ठेवाल त्या तासाला वॉर्डात बदली सिस्टर द्या. नाइट उतरलेल्या बाईला समोशावर बसवून सही घेऊ नका.