हयातीचा दाखला कुठे ठेवलात?

दर्पण कॉलनी, थाटीपूर,
ग्वाल्हेर

रा. रा. ब्राउझरराव यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या घरी अदब फार. सूचना पाठवू का, सध्या कुठे आहात ते कळेल का, असे दिवसभर विचारत असता. सध्या मी दर्पण कॉलनीतच आहे, याच खुर्चीत. पेन्शनर माणूस जाणार कुठे? पण पानाची पीडीएफ करून ठेवायची वेळ आली, की आपण खिडकी उघडता आणि तिच्यात उत्तर आधीच भरून ठेवता. ताट वाढून झाल्यावर ‘काय वाढू?’ विचारावे, तसे. मी सवयीने एंटर दाबतो. तिथेच घात होतो.

झाले असे. पितृपक्षात वडिलांच्या तिथीसाठी सामानाची यादी इंटरनेटवर सापडली. काळे तीळ, दर्भ, जव वगैरे. तिची पीडीएफ करून ‘बाबांचे श्राद्ध’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. तिथी पार पडली, कावळा शिवला, मी विसरलो. आपण विसरला नाहीत.

पुढे नोव्हेंबर. पेन्शनरांचा हा हयातीच्या दाखल्याचा महिना. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’मुळे बोटाच्या ठशावर घरबसल्या सिद्ध करता येते, की आपण आहोत. मी सिद्ध केले, पान उघडले, प्रिंटमधून पीडीएफ केली, एंटर दाबला. चार दिवसांनी शोधतो तर दाखला गायब. पुण्याहून लेकीने माझा स्क्रीन तिच्याकडे घेतला आणि सगळे कपाट उपसले. एका फोल्डरवर येऊन थांबली. वर नाव ‘बाबांचे श्राद्ध’, आत माझा हयातीचा दाखला. ती मला बाबा म्हणते. फोनवर बराच वेळ कुणी बोलेना.

शेजारचा मुलगा म्हणाला, “अंकल, सेटिंग में डाउनलोड पर जाइए, लोकेशन बदल दीजिए।” गेलो. तीन ठिपके, सेटिंग्ज, डाउनलोड, बदला. ‘कागदपत्रे’ असे नवे फोल्डर दाखवले. दुसऱ्या दिवशी विजेच्या बिलाची पीडीएफ केली, तर खिडकीत पुन्हा ‘बाबांचे श्राद्ध’!

मग कळले, की आपण दोन वह्या ठेवता. उतरवून घेतलेली फाइल पहिल्या वहीत. तिथे माझी सेटिंग चालते. प्रिंटमधून केलेली पीडीएफ दुसऱ्या वहीत. तिथे मागच्या वेळी जिथे ठेवले, तीच जागा पुढे येते. पहिली वही फाडली तरी दुसरीला पत्ता नसतो. हा कारभार कुणी शिकवला आपल्याला? दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे लष्कर वसवले, तेव्हापासून या गावात मराठी कारकून कागद सांभाळत आले. कागद रुमालात बांधायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गठ्ठे अजून रुमालानेच मोजतात. जमाखर्चाच्या रुमालात कुणाची कुंडली सापडली असती, तर कारकुनाची खैर नव्हती. आपल्याला मात्र दर महिन्याला नवी आवृत्ती मिळते. आमच्या वेळी याला बढती म्हणत.

पीडीएफबद्दल तक्रार नाही. 1993 पासून ती आहे. कुठेही उघडा, ओळ हलत नाही. पान जागचे हलू नये म्हणून एवढी खटपट, आणि ते पान कुठल्या कपाटात पडते याची फिकीर कुणालाच नाही.

उपाय सापडला, तोही फुकट. खिडकी उघडल्यावर एंटरवरचे बोट आवरायचे, हवे ते फोल्डर एकदा हाताने निवडायचे. पुढच्या वेळी आपण तेच समोर धरता. मी ‘हयात’ नावाचे नवे फोल्डर केले आणि दाखला त्यात हलवला. तेव्हापासून विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, हिच्या गुडघ्याचे व्यायाम, सगळे ‘हयात’मध्ये जमते आहे.

पुढच्या पितृपक्षात काळ्या तिळांची यादीही त्यातच पडणार, हे आत्ताच दिसते आहे. पडू द्या. वडील तेवढेच पुन्हा हयात.

आपला,
एक पेन्शनर (दाखला सापडला आहे)