हे कुणी खोललं होतं?

बापूकाकांच्या हातात पाना आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "हे कुणी खोललं होतं रे?"

गाडी 2004 सालची, दीडशे सीसीची, काकांनीच नवी घेतलेली. फुकटची सर्व्हिसिंग संपली त्या दिवसापासून तिला परक्या माणसाचा हात लागलेला नाही. तरी दर खेपेला गुन्हेगार तिसराच कुणीतरी. काका लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. पेन्शन सुरू झाली, रेघा थांबल्या नाहीत.

परवा पुढचा ब्रेक धरायला लागला. ढकलायला जावं तर गाडी म्हशीसारखी पाय रोवून उभी. भाजी आणेपर्यंत डिस्क इतकी तापली की काकांनी बोट लावून पाहिलं आणि ते बोट थेट कानाच्या पाळीला गेलं. मग मला हाक. माझ्याकडे कायमचं एकच खातं, टॉर्च धरायचं. तो हवा तिथं मी कधीच धरत नाही, ही माझ्याविरुद्धची सर्वांत जुनी हरकत.

काका अडाणी मात्र नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मला मागं बसवलं, पुढचं चाक अधांतरी. फिरवलं तर पाव फेरीत थांबलं. मग कॅलिपरचं निपल सैल केलं. दोन थेंब ऑइल आलं, चाक तसंच जाम. "म्हणजे प्रेशर अडकलेलं नाही," काका म्हणाले. "निपल सोडल्यावर चाक सुटलं असतं, तर दोष वर असता. मास्टर सिलिंडरचं बारकं भोक बुजलेलं, नाहीतर पाइप आतून सुजलेला. इथं पिस्टनच माघार घेत नाहीये."

कॅलिपर खाली येईपर्यंत मला पिस्टनची माघार शिकवून झाली. या पिस्टनला मागं ओढायला स्प्रिंग नसते, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याच्याभोवती रबराची एक रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर जरा पिळवटते, सोडला की सरळ होते आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेते. "केसभरच," काका स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणाले.

लिव्हर दाबत दाबत पिस्टन बाहेर काढला, ऑइल श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात धरलं आणि मग तपासणी सुरू झाली.

"मडगार्डचे पोपडे बघ. ब्रेक ऑइल सांडून ठेवलंय. ते रंग खातं हे शेंबड्या पोराला कळतं. आणि हा पिस्टनचा काठ! पकडीचे दात उमटलेत. पकडीने पिस्टन उपटतात? दाढ आहे का ती?"

मी टॉर्च हलवला.

"नीट धर. आता हे सील." सुईच्या टोकानं काढलेली रिंग त्यांनी तळहातावर घेतली. खाचेत परत बसवून दाखवायला गेले, तर ती बसेना. गुलाबजाम फुगावा तशी फुगलेली. "पेट्रोलनं धुतलंय! रबराला पेट्रोल पाजलं की ते सुजतं. ब्रेकच्या आतला माल ब्रेक ऑइलनंच धुवायचा. असल्या माणसाकडून पगारातून वसुली केली पाहिजे."

मी पिस्टन आणि सीलचं किट आणलं. ऑइल काकांनी रिझर्व्हॉयरच्या झाकणावरचा आकडा वाचून तेच आणवलं, तेही सीलबंद. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते. बाकीचं तासाभरात उरकलं. हवा काढली, लिव्हर कडक झाला, चाकाला टिचकी मारली तर ते फिरतच राहिलं. पॅड जरासे कुजबुजत होते, तेवढं चालतं.

"नोंदवही आण," काका हात पुसत म्हणाले.

दोनशे पानी वही, आखलेले रकाने. नवं पान शोधताना मागची नोंद दिसली आणि मी, निव्वळ बावळटपणानं, ती मोठ्यानं वाचली. "पुढचा ब्रेक खोलला. पिस्टन घट्ट होता, पकडीने काढला. सर्व भाग पेट्रोलने स्वच्छ धुतले. काम समाधानकारक."

अक्षर ठसठशीत, मोत्यासारखं. दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

काकांनी वही घेतली. चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली.

"याच्यावर सही कुठंय?" ते म्हणाले. "आणि तू तो टॉर्च खाली घे."