रुळणं

सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा आमच्याकडे साडेतीन वर्षांची लेक, दोन सोलापुरी चादरी आणि 3 किलो शेंगाचटणी असा ऐवज होता. मुंबईला विमानतळावरच्या काट्यानं चटणीच्या बाजूनं कौल दिला आणि माझे दोन स्वेटर अप्पांबरोबर सोलापूरला परत गेले. तिथं 43 अंशांत ते कपाटात घाम गाळत असतील. मी इथं श्टुटगार्टमध्ये चादर पांघरून हिंडतो. (घरात. रस्त्यावर अजून धाडस होत नाही.)

लेकीला किटात घालायचं होतं. किटा म्हणजे इथली बालवाडी. आमच्याकडं बालवाडीचा पहिला दिवस दहा मिनिटांत उरकतो. बाई एका हातानं रडणारं पोर काखेत घेतात, दुसऱ्या हातानं दार लावतात आणि बाप चहाच्या गाड्याकडं वळतो. जर्मनांनी एवढ्याच कामाला ‘आइनगेव्योनुंग’ असा लांबलचक शब्द केलाय. अर्थ, रुळणं. पद्धत बर्लिनची. पहिले 3 दिवस पालकानं पोराबरोबर वर्गात तासभर बसायचं. खेळवायचं नाही, पुढंपुढं करायचं नाही, नुसतं असायचं. चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघायचं. पोर शांत होईना तर परत यायचं आणि मुक्काम वाढवायचा.

तर मी वीतभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे कानाला लावून, नुसता होतो. लग्नात वरबाप म्हणूनसुद्धा कुणी इतकं निरुपयोगी बसत नाही. एका पोरानं लाकडी टोमॅटो बशीतून आणून दिला. मी खाल्ल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा आणला. तासाभरात सात टोमॅटो झाले.

चौथ्या दिवशी बाईंनी दाराकडं खूण केली. मी गहिवरून लेकीला विचारलं, “बाळा, बाबा जाऊ का बाहेर?”

बाहुलीवरची नजर न काढता ती म्हणाली, “जा की बे!”

पाचच मिनिटांत बाई बाहेर आल्या. मी दाराच्या काचेला नाक लावून उभा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी तयार आहे म्हणाल्या, तुम्हाला मात्र अजून थोडे दिवस लागतील.

मग डब्याचं झालं. पोळीला चटणी लावून दिली होती. बाईंनी लाल रंगाची चौकशी केली, मी अभिमानानं ‘शेंगदाणे’ म्हणालो आणि वर्गात आग लागल्यासारखी धावपळ झाली. एका मुलाला दाण्यांची ॲलर्जी होती. नियम पुस्तिकेत छापलेला होता, खाली माझीच सही होती. चूक शंभर टक्के माझी. पण सोलापूरच्या माणसाला शेंगदाण्यापायी माफी मागावी लागली, हे आमच्या गल्लीत कळता कामा नये. तेव्हापासून डब्यात ब्रेड, चीज आणि काकडी. काकडी चिरताना डोळ्यांत पाणी येणारा मी पहिलाच असेन.

जिन्यात आणखी एक परीक्षा असते. दारावर ‘केअरवोखे’ची पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. बायकोनं पहिल्या पाळीला जिना झाडून शेवटच्या पायरीवर रांगोळीही काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी ती पुसली आणि पाटी पुन्हा आमच्याच दारावर लावली.

हे सगळं, आणि वर जर्मन जमत नसल्याचं रडगाणं, फोनवर अप्पांना सांगितलं. भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकावरून रोज जाणारा माणूस! ते म्हणाले, “डॉक्टर कोटणीस 1938 साली चीनला गेले. भाषा शिकले, लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि तुला दूध मागता येईना?”

“अप्पा, चिनी भाषेत नामांना लिंग नसतं. इथं चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी!”

“मग? आपल्याकडं चमचा पुल्लिंगी, वाटी स्त्रीलिंगी आणि ताट नपुंसकलिंगी. इतकी वर्षं जेवलासच की!”

लेक आता झोपेत जर्मन बोलते. पावसात चिखलाची खास विजार घालून डबक्यात बसते आणि घरी यायला तयार नसते. मी अजून बेकरीत बोटानं दाखवूनच पाव घेतो.

चटणी पावशेर उरली आहे. सोलापूरहून श्टुटगार्टकडं कुणी येत असेल तर कृपया कळवावं. स्वेटर नकोत.