धुराला परवाना, धुळीला टेंडर

छत्तीसगडातल्या अभनपूरची हवा सरकारदरबारी शुद्ध आहे, कारण ती कुणी मोजलेलीच नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून हवा बिघडण्याचा मान त्या कार्यक्रमाच्या यादीतल्या शहरांपुरता राखून ठेवलेला आहे. आज त्या यादीत सुमारे १३० नावे आहेत आणि छत्तीसगडच्या वाट्याला रायपूर, भिलाई आणि कोरबा अशी तीन आली आहेत. रायपूरच्या हवेची चोवीस तास नोंद ठेवणारी यंत्रे एम्स, भाटागाव, कृषकनगर आणि सिलतरा येथे बसवली आहेत. धमतरी रस्त्याने २५-३० किलोमीटर दक्षिणेला गेले की अभनपूर लागते आणि यंत्रांचे राज्य मागे पडते. यंत्र नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रदूषण नाही, प्रदूषण नाही म्हणून यादीत नाव नाही आणि नाव नाही म्हणून पैसा नाही. तालुका धानाचा आहे. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत धानाचेच तूस जाळतात, वीटभट्ट्या धुमसतात, विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या नव्या महामार्गाची माती उडते आणि कापणी उरकली की शेतातला पैरा, म्हणजे धानाचा पेंढा, पेटतो. तुसाची हलकी काळी राख दोरीवरच्या ओल्या कपड्याला चिकटली की झटकून जात नाही, बोटाने पुसायला गेले तर पसरते. पण तिची नोंद करणारी वही कुठल्याच कार्यालयात नसल्यामुळे शासनाच्या लेखी ती राख ही केवळ अफवा आहे.

या शुद्धतेमागे कुणाचा दुष्टपणा शोधत बसण्याची गरज नाही. आपली हवेची व्यवस्था दोनच कामे मनापासून करते: परवान्यावर शिक्का मारणे आणि बिल पास करणे. ज्या धुरावर शिक्का मारता येतो तो वैध होतो. ज्या धुळीचे बिल निघते ती राष्ट्रीय समस्या ठरते. ज्याचा शिक्काही नाही आणि बिलही नाही, तो धूर फुकट घ्यायचा. आधी शिक्क्याचे पाहू. १९८१ च्या हवा अधिनियमाच्या कलम २१ नुसार धूर सोडणाऱ्या उद्योगाला राज्य प्रदूषण मंडळाची संमती लागते, आधी उभारण्याची आणि मग चालवण्याची. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने हो किंवा नाही सांगायचे असते. उद्योगांना लाल, नारंगी, हिरवा, पांढरा असे रंग दिलेले आहेत. पांढऱ्यांना तर नोव्हेंबर २०२४ पासून संमतीचीही गरज उरली नाही. संमतीचे शुल्क ठरते ते भांडवली गुंतवणुकीवर. महाराष्ट्रातही तीच रीत आहे. म्हणजे एखाद्या गिरणीवाल्याने धूर गाळणारे महागडे यंत्र बसवले तर त्याची गुंतवणूक वाढते, आणि वरच्या पायरीत गेला तर शुल्कही वाढते. जुनाट धुराड्यावर भागवणारा शेजारी कमी भरून मोकळा. स्वच्छ राहण्याच्या हौसेवर कर बसवणारी अशी पद्धत मुद्दाम आखायची म्हटली असती तर एखादी समिती नेमावी लागली असती. इथे ती आपोआप साधली.

परवान्याची अट मोडली तर काय? जुन्या कायद्यात कलम २१ मोडणाऱ्याला किमान दीड वर्ष आणि कमाल सहा वर्षे कैद होती. जनविश्वास कायद्याने ती काढून टाकली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. यावर आक्षेप घेतला की शहाणी माणसे म्हणतात, अहो, तुरुंगात जात होते कोण? मुद्दा बिनतोड आहे. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत, मालक सुटत आणि फाईल तेवढी जाड होत असे. ताबडतोब वसूल होणारा दंड कागदावरच्या कैदेपेक्षा बरा, हे मान्य करावेच लागेल. पण मग दंडाचा आकडा धुराला परवडणार नाही असा हवा होता. रायपूरजवळच्या उरला-सिलतराच्या पट्ट्यात एखाद्या स्पंज आयर्न कारखान्याचा जमाखर्च मांडणाऱ्या मुनिमाला पंधरा लाख ही धास्ती वाटत नाही, तो एक खर्चाचा रकाना वाटतो. धूर गाळणारे यंत्र वीज खाते आणि ती वीज दर महिन्याला बिलात दिसते. दंड भरायची पाळी मात्र कधीतरी, पकडले गेल्यावर येते. कुठल्याही व्यापाऱ्याला यातले उत्तर शिकवावे लागत नाही.

वीटभट्ट्यांच्या नियमात तर हे तर्कशास्त्र कळसाला पोचले आहे. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने भट्ट्यांना कमी धुराच्या झिगझॅग पद्धतीकडे वळायला सांगितले. यादीतल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या भट्ट्यांना एक वर्षाची मुदत दिली, बाकीच्यांना दोन वर्षांची. अभनपूर रायपूरपासून दहा किलोमीटरच्या बाहेर आहे, म्हणून तिथल्या छातीने आणखी एक वर्ष दम धरायचा होता. शहरातल्या फुप्फुसाला निकड असते, तालुक्याच्या फुप्फुसाला सबुरी. कोळशाच्या धुराला ही हद्द कुणी वाचून दाखवली असेल अशी आशा करू या.

आता बिलाचे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये स्वच्छ हवेच्या निधीचा हिशेब मांडला. खर्चापैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीवर गेली होती. जैवभार जाळण्याला आळा घालण्यासाठी १४.५१ टक्के, वाहनांच्या धुरासाठी १२.६३ टक्के आणि उद्योगांच्या प्रदूषणासाठी ०.६१ टक्के, म्हणजे शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे. उद्योगाच्या धुरात कंत्राटदाराला काय मिळणार? तिथे तपासणी करावी लागते, नोटीस काढावी लागते, कोर्टात उभे राहावे लागते. या कामांची निविदा निघत नाही. धुळीचे तसे नाही. तिच्यासाठी झाडणारी मशीन घ्यावी लागते, टँकर लावावे लागतात, रस्त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक बसवावे लागतात आणि फवाऱ्याची तोफ खरेदी करावी लागते. ट्रकवर बसवलेला तो अजस्र पंखा मान वर करून आभाळावर पाण्याचे तुषार उडवतो, स्कूटरवाले पायपुसणीसारखे भिजतात, दोन तासांनी रस्ता वाळतो आणि चिखलाची पुन्हा धूळ होते. निविदेत तोफ किती लांब फेकते हे लिहिलेले असते, टाकीची क्षमता लिहिलेली असते, बोलीदाराची तीन वर्षांची उलाढाल आणि बयाणा रक्कम लिहिलेली असते. बिल निघते ते चाललेल्या तासांवर किंवा झाडलेल्या किलोमीटरवर. त्यानंतर हवा किती सुधारली, हा रकाना नसतो.

याला एक गंभीर उत्तर आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धूळ खोटी नाही. आपल्या शहरांत पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा असतो, हे अनेक अभ्यासांत आलेले आहे. कच्च्या कडा, उघडे बांधकाम, ताडपत्री न टाकता धावणारे डंपर हे सगळे खरे आहे. रस्ते नीट झाडलेच पाहिजेत. परंतु झाडणे हे नगरपालिकेचे जुने काम आहे. त्याला स्वच्छ हवेच्या नव्या निधीची ओळख कशासाठी? दुसरे म्हणजे फुप्फुसात खोल शिरून रक्तापर्यंत पोचणारा कण हा अडीच मायक्रॉनखालचा असतो आणि तो मुख्यतः काही ना काही जाळल्याने तयार होतो: कोळसा, डिझेल, तूस, पैरा, कचरा. कार्यक्रमाने शहरांची प्रगती मोजायला निवडला तो मात्र जाडा कण, पीएम १०. जाडा कण मोजायचा ठरला की जाडी धूळ पकडायची ठरते आणि जाडी धूळ पकडायची ठरली की तोफ विकत घ्यायची ठरते. एकदा माप चुकले की पुढचा सगळा खर्च नियमानुसार होतो आणि लेखापरीक्षकालाही त्यात काही सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या यादीत दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेरनंतर चौथा क्रमांक रायपूरचा लागला होता, तो बारीक कणांमुळे. झाडूने तो क्रमांक हलणे अवघड आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी छत्तीसगडकडे पाहून मान हलवायचे कारण नाही. आपली १९ शहरे त्याच यादीत आहेत, नागपूर आणि चंद्रपूरसकट. मुंबईत २०२३ च्या हिवाळ्यात रस्ते धुण्याचा जो सोहळा झाला त्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीही हातभार लावला होता. केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात २०२५ साली तीन ते दहा लाख वस्तीच्या गटात अमरावती पहिली आली, याचा आनंद आहेच. मात्र या सर्वेक्षणाची गुणपत्रिका वाचण्यासारखी आहे. रस्त्यावरच्या धुळीला २० टक्के वजन, कचरा व जाळपोळीला २०, वाहनांना २०, उद्योगांना २०. आणि पीएम १० चे प्रमाण प्रत्यक्ष किती उतरले याला अडीच टक्के. स्वच्छ हवेच्या परीक्षेत हवा हा जवळजवळ ऐच्छिक विषय आहे. शहराने काय काय केले याचे पुरावे नीट अपलोड झाले तर नापास होऊनही पहिला नंबर काढता येईल. पुराव्यांत अर्थातच खरेदीची बिले सगळ्यांत नीटनेटकी असतात.

उद्योगांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की आधीच परवान्यांचा जाच आहे, त्यात आणखी अटी घातल्या तर छोट्या गिरण्या बंद पडतील आणि धान विकायला शेतकरी जाणार कुठे? जाच आहे यात शंका नाही. पण तो जाच कागदाचा आहे, धुराचा नाही. एकच गिरणीवाला वर्षाला चार कार्यालयांत चकरा मारतो आणि त्याच्या धुराड्यातून काय निघते हे त्या चारांपैकी एकालाही ठाऊक नसते. उलट उदाहरण सुरतेत आहे. गुजरातच्या प्रदूषण मंडळाने २०१९ मध्ये तिथे धूलिकणांचा बाजार सुरू केला. तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुराड्यांवर मोजणी यंत्रे बसवली, त्यांतल्या सुमारे निम्म्यांना बाजारात घेऊन त्यांनी मिळून किती धूर सोडायचा याची मर्यादा घातली आणि त्या मर्यादेतले हक्क आपसांत विकायला परवानगी दिली. ज्याने कमी धूर सोडला त्याने उरलेला हक्क विकून पैसे कमावले, ज्याने जास्त सोडला त्याला ते विकत घ्यावे लागले. संशोधकांनी तुलना केली तेव्हा बाजारातल्या कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी उतरलेले आढळले. कारखाने बंद पडले नाहीत. तिथे पैसा धुराच्या किलोवर फिरत होता, म्हणून मालकाचे लक्षही धुरावर होते. त्यासाठी मोजणी मात्र खरी हवी. अधिकाऱ्याच्या भेटीच्या वेळीच चालू होणारे यंत्र असेल तर बाजारही तेवढाच खरा.

तेव्हा अभनपूरने काय करावे? या तालुक्याला कागदाचे मोल नव्याने शिकवायला नको. विशाखापट्टणम महामार्गाच्या भूसंपादनात इथल्या जमिनीचे कागदोपत्री तुकडे पाडून मोबदला फुगवल्याच्या आरोपावरून एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने छापे घातले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. दुर्दैव असे की हवेचा खसरा, म्हणजे जमिनीसारखा गट क्रमांक, निघत नाही आणि तिचे तुकडे करून मोबदला मागता येत नाही. म्हणून अभनपूरने आधी रीतसर प्रदूषित व्हावे. एक यंत्र मागावे, आकडा काढावा, यादीत घुसावे. मग तोफ येईल, झाडणारी मशीन येईल, चौकात हवेचा आकडा दाखवणारा रंगीत फलक येईल आणि तुसाचा बॉयलर त्या फलकामागे निवांत धूर सोडत राहील.

किंवा यंत्र बसल्यावर पहिल्याच निविदेत एक अट घालावी: बिल तासांवर निघणार नाही, त्या भागातल्या बारीक कणांच्या वर्षभरातल्या घटीवर निघेल. वारा आणि पाऊस आमच्या हातात नाही, अशी तक्रार लगेच येईल आणि ती रास्तही असेल. त्यावर उपाय सोपा आहे: शेजारच्या केंद्रांशी, त्याच ऋतूतल्या आकड्यांशी तुलना करा. शिवाय चांगला पाऊस पडून आकडा सुधारला की त्याचे श्रेय घ्यायला आजवर कुणी नकार दिलेला नाही. मग ठेकेदार तोफ बाजूला ठेवून आपण होऊन गिरणीच्या दारात जाईल, भट्टीवाल्याशी बोलेल, पैरा उचलून न्यायला गाडी पाठवेल, कारण त्याचे पैसे तिथे अडकलेले असतील. आणि या अटीवर एकही बोली आली नाही, तर तेही वाया जाणार नाही. ६४ टक्के खर्चात देशाने हवा विकत घेतली होती की नुसते चाललेले तास, हे त्या रिकाम्या निविदापेटीवरून कळेल.