चित्रित चर्चची चौकशी

अमेरिकेतील टेक्सास मुलुखात जर्मन व चेक वसाहतकऱ्यांनी लाकडी खांब संगमरवरी भासावेत अशा कौशल्याने रंगवून जी चित्रित कॅथलिक चर्चे उभारली, त्यांचा वृत्तान्त वाचनात आल्यापासून आमचे स्नेही, जे आयुष्यभर दिवाणी कचेरीत शिरस्तेदार होते, रायगड जिल्ह्यातही असे एखादे प्रार्थनामंदिर असलेच पाहिजे असा निकाल, पुरावा दाखल होण्यापूर्वीच, देऊन बसले होते; आणि त्याच्या बजावणीसाठी भाड्याची मोटार, पुरणपोळ्यांचा डबा व अस्मादिक यांची त्यांनी तजवीज केली.

पहिली साक्ष पेणला झाली. गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत बसलेल्या कारागिरास त्यांनी "इकडे रंगवलेलं चर्च कुठं आहे?" असे दरडावून विचारले, तेव्हा त्या सद्गृहस्थाने कुंचला यत्किंचितही ढळू न देता उत्तर केले, "काका, रंगवायचं असेल तर मोजमाप ठेवून जा. पण गणपती होईस्तोवर हात रिकामा नाही."

नागोठण्यावरून भिसे खिंड ओलांडून रोह्यास पोहोचलो, तो तेथील साक्षीदार एकमुखाने फितूर! चर्चचे नाव काढावे, तर जो तो धावीर महाराजांच्या देवळाकडे बोट दाखवी. महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलीस सलामी देतात, हे कानी पडताच शिरस्तेदारांनी टोपी सारखी केली; सरकारदरबारी ज्याची नोंद आहे अशा दैवतापुढे त्यांचा विवाद चालत नसे.

पुढे चणेऱ्यावरून साळावमार्गे कोर्लईस आलो. गावातील माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असल्याने आम्ही पायरीवरूनच नमस्कार केला. बाहेर एक वृद्धा आमच्याशी अस्सल मराठीत आणि नातवाशी पोर्तुगीजोद्भव बोलीत, एकाच दमात, बोलत होती. फिरंग्यांचा अंमल 1740 मध्ये उठला, तरी त्यांच्या भाषेची ही वंशज कोर्लईच्या घराघरांत अद्याप नांदते आहे. "अंमल गेला, दप्तर राहिलं," शिरस्तेदार उद्गारले. त्या दिवसातील त्यांचा हा एकमेव निर्णय अपिलात टिकण्याजोगा होता.

चित्रांचा शोध मात्र कोर्लईच्या गडावर संपला. 1594 मध्ये निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी घेतलेल्या त्या किल्ल्यात चर्च आहे खरे, परंतु त्याला छप्परच नाही. रंग म्हणावा तर पावसाने भिंतींवर चढविलेला शेवाळाचा हिरवा आणि वर आकाशाचा निळा. शिरस्तेदारांनी चारही भिंतींची कसून पाहणी केली, दरवाजांवरील पोर्तुगीज लेख वाचता येत असल्याचा आव आणला आणि अखेर, "दावा अंशतः मंजूर," असे जाहीर करून डबा उघडला.

तेव्हा वाचकहो, रंग पाहावयाचे तर श्रावणात पेणला जावे, आणि चर्च पाहावयाचे तर कोर्लईला. पण गड सकाळीच चढावा व पाणी बरोबर न्यावे, कारण वर देवालाही सावली नाही.